इसब, कोलेस्टेरॉल आणि आमच्या घरातले डॉक्टर

गेल्या पंधरा दिवसांत मला एकूण नऊ फोन आले, आणि नऊच्या नऊ एकाच कागदाबद्दल. धाकट्या नातीचा लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट. आमच्या चिरंजीवांनी त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला (का टाकला हे त्यालाच ठाऊक), आणि मग काय, आमच्या घराण्यात डॉक्टरांची कमी थोडीच आहे! "तरी मी म्हणत होते, पोरीचं रक्तच खराब आहे", "तूप बंद करा", "शेंगदाणे बंद करा", "ती गोळी आधी बंद करा". नऊ जणांना नऊ वेळा तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. जाऊबाई, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे. शेवटपर्यंत वाचा म्हणजे झालं.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही अशा वाचक मंडळींसाठी थोडक्यात. नात आता तेवीस वर्षांची आहे. आठ महिन्यांची असताना तिच्या गालांवर लाल चट्टे आले, पुढे ते कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खाचांत जाऊन बसले आणि तिथून काही हलले नाहीत. डॉक्टर त्याला ॲटोपिक एक्झिमा म्हणतात. आपण इसब म्हणतो, आणि बऱ्याचदा नायटा, गजकर्ण, खरूज सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो. हा संसर्गाचा रोग नाही. एकमेकांच्या टॉवेलने होत नाही. तरी शाळेत तिच्या शेजारी कोण बसणार यावरून वाद झालेले मी शिक्षिका म्हणून आणि आजी म्हणून, दोन्ही बाजूंनी पाहिले आहेत.

आमच्या नवीन जालन्याची हवा अशा कातडीला मुळीच मानवत नाही. दिवाळी झाली की कोरडी थंडी, मार्चपासून भट्टी, आणि नळाला पाणी येईल तेव्हा येईल. एरवी बोअरचं जड पाणी, ज्यात साबणाला फेस येत नाही. थंडीत तर धडधाकट माणसाच्या टाचांना भेगा पडतात, मग तिचं काय होत असेल? रात्री खाजवून खाजवून चादरीवर रक्ताचे ठिपके. सकाळी ती चादर ती स्वतःच धुवायला टाकायची, आईला दिसू नये म्हणून.

तर आता रिपोर्ट. संभाजीनगरच्या (माझ्या तोंडात अजून औरंगाबादच येतं) त्वचारोगतज्ज्ञांनी तिला जॅक इनहिबिटर नावाच्या गटातली एक गोळी सुरू केली. टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब अशी जीभ अडखळणारी नावं असतात त्या गटात. गोळी सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी, छातीचा एक्सरे, यकृत, रक्तातल्या पेशी आणि लिपिड प्रोफाइल, असं सगळं झालं. आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त काढलं. आकडे असे: एकूण कोलेस्टेरॉल १८५ होतं ते २१९ झालं. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते, १०८ वरून १३४. एचडीएल, म्हणजे चांगलं, ४१ वरून ४९. ट्रायग्लिसराइड १७८ होते, ते १८१.

यातला पहिला आकडा ठळक अक्षरात छापलेला होता आणि त्याच्यापुढे बाण होता. ग्रुपवर सगळ्यांनी तो बाण पाहिला. एचडीएल वाढलं ते कोणी पाहिलं नाही, कारण त्याच्यापुढे बाण नव्हता.

मी कला शाखेची, तीही मराठी माध्यमातली. पण चाळीस वर्षं वर्गात उभं राहिल्यावर एक खोड लागते. शब्द कळला नाही की पुढे जाववत नाही. म्हणून डॉक्टरांना प्रश्न विचारले (ते बिचारे सोशिक आहेत), नातीने इंटरनेटवरून लेख काढून दिले, आणि मी शब्दकोश घेऊन बसले. तेव्हा लक्षात आलं की आपण सगळे दोन वेगवेगळ्या चरब्यांची गल्लत करतो आहोत.

एक चरबी रक्तातली. ती अन्नातून आणि यकृतातून येते, आणि लॅबवाला मोजतो ती हीच. दुसरी चरबी कातडीतली. कातडीचा सगळ्यात वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो असं डॉक्टर लोक समजावतात. पेशी म्हणजे विटा, आणि मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. या चुन्यात वजनाने निम्म्याच्या आसपास सिरॅमाइड नावाचे पदार्थ, पाव भाग कोलेस्टेरॉल, आणि उरलेल्यात मुख्यतः स्निग्धाम्लं. होय, कोलेस्टेरॉल! तेच ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो. ते नसेल तर कातडीतून पाणी उडून जाईल आणि बाहेरची धूळ आत शिरेल. हा चुना कातडीच्या पेशी बहुतांशी स्वतः जागच्या जागी बनवतात. रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून भिंत पक्की होत नाही, आणि कमी केलं म्हणून इसब बरं होत नाही.

इसबवाल्यांच्या कातडीत सिरॅमाइड कमी असतं, हे जपानमध्ये इमोकावा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दाखवलं. पुढे २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या संशोधकांनी फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातला दोष शोधला. तो दोष असलेल्यांत इसबाचं प्रमाण बरंच जास्त दिसतं. सगळ्यांच्यात तो नसतो, पण एवढं कळलं की पुष्कळांच्या बाबतीत घोटाळा भिंतीच्या बांधकामात आहे. रक्त अशुद्ध आहे, गरोदरपणी आईने काहीतरी खाल्लं, पूर्वजन्मीचं पाप, यातलं काही नाही. माझ्या सुनेला गेली तेवीस वर्षं हा प्रश्न विचारला जातो आहे, "डोहाळ्यात वांगी खाल्ली होती का गं?" म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आता कोणी म्हणेल, मग रक्तातल्या चरबीचा आणि इसबाचा काहीच संबंध नाही का? तसं नाही, आणि हा इतिहास मला फार रंजक वाटला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर हे जोडपं होतं. त्यांनी १९२९ मध्ये उंदरांना अजिबात चरबी नसलेलं अन्न देऊन पाहिलं. उंदरांची वाढ खुंटली, कातडी कोरडी पडून खवले निघू लागले, शेपटीलाही खवले. थोडं योग्य तेल दिलं की पुन्हा ठीक. अन्नातून काही स्निग्धाम्लं मिळालीच पाहिजेत हे त्यातून कळलं, त्यातलं मुख्य लिनोलेइक आम्ल. तिथल्याच हॅन्सन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी इसब झालेल्या तान्ह्या मुलांचं रक्त तपासलं आणि १९३३ मध्ये लिहिलं की त्यांच्या रक्तातल्या चरबीची जातच थोडी वेगळी आहे, असंतृप्त स्निग्धाम्लं कमी आहेत. त्यांनी मुलांना निरनिराळी तेलं देऊन पाहिली, आणि त्यात जवसाचं तेलही होतं!

जवस म्हटल्यावर मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपली जवसाची चटणी, भाकरीबरोबरची! नव्वद वर्षांपूर्वी तिकडे इसबाच्या लेकरांना जवसाचं तेल पाजत होते.

त्याच मिनेसोटात आणखी एक गंमत झाली. ब्राऊन नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग केला. सहा महिने जवळपास चरबीशिवाय जेवला. १९३८ मध्ये त्याचा अहवाल आला. त्याच्या रक्तातली चरबी बदलली, वजन थोडं उतरलं, जुनी अर्धशिशी थांबली, पण कातडीला काही झालं नाही. ज्या मंडळींना वाटतं की पोरीच्या ताटातलं तूप काढलं की कातडीचं भलं होईल, आणि ज्यांना वाटतं की तूप ओतलं की भलं होईल, त्या दोन्ही पक्षांनी या ब्राऊनसाहेबांची आठवण ठेवावी. मोठ्या माणसाच्या शरीरात साठा बराच असतो. एवढ्या तेवढ्याने कातडी बदलत नाही.

पुढे १९८० च्या दशकात इव्हनिंग प्रिमरोझ नावाच्या फुलाच्या बियांच्या तेलाचं फॅड आलं. कल्पना अशी की इसबवाल्यांच्या शरीरात लिनोलेइक आम्लावर पुढची प्रक्रिया नीट होत नाही, तर ती झालेलं तेलच थेट द्यावं. कॅप्सूल खपल्या, आपल्याकडेही खपल्या. आमच्या नातीनेही दहावीच्या वर्षी चार महिने घेतल्या. ब्रिटनने २००२ मध्ये इसबासाठीचा त्याचा परवाना काढून घेतला, आणि २०१३ मध्ये २७ प्रयोग, सुमारे सोळाशे माणसं, यांचा एकत्र हिशोब झाला. निष्कर्ष, खोट्या कॅप्सूलपेक्षा काही जास्त उपयोग नाही. ऐंशी वर्षं माणसं रक्तातल्या चरबीतून इसबाचं दार उघडायचा प्रयत्न करत होती आणि ते दार तिथून उघडलं नाही.

असो. पण जवसाची चटणी आमच्याकडे चालूच आहे. औषध म्हणून नाही, चवीला चांगली लागते म्हणून.

करडईचंही तसंच. आपल्या मराठवाड्याचं रब्बीचं पीक, परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'परभणी कुसुम' हा वाण तर शेतकऱ्यांच्या तोंडी असलेला. करडईच्या तेलात साधारण तीन चतुर्थांश लिनोलेइक आम्लच असतं. म्हणजे बर जोडप्याच्या उंदरांना जे हवं होतं ते आपल्या फोडणीत पिढ्यान् पिढ्या होतं. त्यामुळे आमच्या नातीला त्याची कमतरता असेल, हे मला तरी पटत नाही. माझ्या लहानपणी घाण्यावरून पितळी बरणीत तेल यायचं. आता पिशवीतलं सोयाबीन येतं. पण हा वेगळा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी.

आता मुख्य शंका. इसबवाल्यांचं कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा जास्त असतं का? अमेरिकेतल्या दोन मोठ्या पाहण्यांवरून २०१५ मध्ये लिहिलं गेलं की इसब असलेल्या प्रौढांत लठ्ठपणा, कमी व्यायाम, धूम्रपान आणि वाढलेलं कोलेस्टेरॉल हे जास्त दिसतं. दुसऱ्या काही अभ्यासांत असा फरक दिसलाच नाही. ब्रिटनमध्ये पावणेचार लाखांहून जास्त इसबवाल्यांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये जे आलं ते मला जास्त विचार करण्यासारखं वाटलं. सौम्य इसबात हृदयाचा धोका जवळपास इतरांइतकाच, पण ज्यांचं इसब तीव्र आहे आणि वर्षानुवर्षं पेटलेलंच राहतं त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण ठळक जास्त.

ते का, याची उत्तरं डॉक्टरांनी एकेक करून दिली, आणि त्यातलं प्रत्येक मी घरात पाहिलेलं आहे. घाम आला की खाज सुटते, म्हणून पोरगी कधी खेळली नाही. शाळेत पीटीच्या तासाला ती वर्गात बसून वह्या तपासायला मला मदत करायची. रात्रीची झोप नाही. झोप मोडली की दिवसा गोड खावंसं वाटतं. आणि शरीरात सतत दाह, तो काही कातडीपुरता राहत नाही. आणखी एक कारण म्हणजे स्टेरॉइड. चौदा वर्षांची असताना एका हितचिंतकांनी लांबच्या गावाहून पुड्या आणून दिल्या होत्या, "शुद्ध झाडपाल्याच्या". पंधरा दिवसांत कातडी चकाचक! सगळं घर खूश. महिन्याभरात तोंड टम्म पुरीसारखं फुगलं, वजन सात किलो वाढलं. डॉक्टरांनी नुसतं तोंड पाहून सांगितलं, यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. पोटातून घेतलेलं स्टेरॉइड बराच काळ चाललं तर साखर वाढवतं, चरबी वाढवतं. पुड्या हळूहळू बंद कराव्या लागल्या, आणि इसब दुप्पट होऊन परत आलं. ते दोन महिने मला आठवायलाही नको वाटतात. सायक्लोस्पोरिन म्हणून दुसरं एक औषध आहे इसबासाठी, तेही रक्तातली चरबी वाढवू शकतं. म्हणजे रिपोर्टमधला बाण दिसला की आधी विचारायचं, हा आजाराचा बाण आहे, औषधाचा, की जेवणाचा?

जॅक गटाच्या गोळ्यांनी कोलेस्टेरॉल वाढतं हे माहीतच आहे. म्हणून तर चार ते बारा आठवड्यांनी तपासायला सांगतात. एलडीएल वाढतं, सहसा एचडीएलही वाढतं, आणि मग आकडा एका जागी थांबतो. संधिवाताच्या रुग्णांत याचा अभ्यास झाला तेव्हा असं दिसलं की दाह पेटलेला असताना शरीर कोलेस्टेरॉल नेहमीपेक्षा जास्त वेगाने वापरून टाकतं. गोळीने दाह शमला की तो वेग कमी होतो आणि रक्तातला आकडा वर सरकतो. घरात पाहुणे होते तोवर डबा रिकामा दिसत होता, पाहुणे गेले आणि डबा भरलेला दिसू लागला, असंच म्हणा ना.

याचा अर्थ काळजीचं काही कारण नाही असा मात्र नव्हे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये या गोळ्यांवर चौकटीतला इशारा छापायला लावला. हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या, कर्करोग, गंभीर संसर्ग. ज्या अभ्यासावरून तो आला त्यातले रुग्ण संधिवाताचे, पन्नाशी ओलांडलेले आणि हृदयविकाराचा एकतरी धोका आधीच असलेले होते. आमची नात तेवीस वर्षांची, पण तिच्या आईचे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. विहीणबाईंचा फोन आला तो याच भीतीने, आणि त्यांच्यावर मी मुळीच रागावले नाही. ही गोष्ट डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगितलेली आहे, त्यांनी ती कागदावर लिहून घेतली आहे. इशाराही त्यांनीच आम्हाला वाचून दाखवला.

पण बाकीच्या आठ जणांसाठी एक हिशोब. गेल्या महिन्यात लॅबचं 'फॅमिली पॅकेज' होतं म्हणून घरातल्या पाचही जणांनी रक्त दिलं. चिरंजीवांचे ट्रायग्लिसराइड २४०. सूनबाईंचं एचडीएल ३८. थोरल्या नातवाचंही तेच रडगाणं. मी तर गोळीच घेते कोलेस्टेरॉलची. म्हणजे पाचातल्या पाचांच्या कागदावर काही ना काही आहेच, आणि इसब आहे एकीला. चिरंजीवांची कातडी म्हणाल तर वांग्यासारखी तुकतुकीत! त्यांना कोणी म्हणालं का, तुझं रक्त खराब आहे?

आणि हे आमच्याच घराचं नाही. आयसीएमआरने महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथे मोठी पाहणी केली होती, तिचे आकडे २०१४ मध्ये छापून आले. शंभरातल्या ७९ प्रौढांच्या रक्तातल्या चरबीत काहीतरी बिघाड. ७२ जणांचं एचडीएल कमी, जवळपास ३० जणांचे ट्रायग्लिसराइड जास्त. नातीचे ट्रायग्लिसराइड गोळी सुरू होण्याआधीच १७८ होते, आणि गोळीनंतरही जवळजवळ तेवढेच आहेत. ते काही इसबाचे नव्हेत, गोळीचेही नव्हेत. ते आपल्या सगळ्यांच्या ताटातले आहेत. भात, साखरेचा चहा दिवसातून चार वेळा, ऑफिसातला वडापाव, आणि बसून राहणं.

म्हणून तिच्या एकटीच्या ताटावर पहारा ठेवायचा नाही असं मी ठरवलं आहे. लहानपणी कोणी सांगितलं म्हणून तिचं दूध बंद, अंडी बंद, शेंगदाणे बंद, आंबट बंद, वांगं तर कधीच नाही. लग्नाच्या पंगतीत ही पोर साधं वरण-भात घेऊन बसायची आणि वाढणारा विचारायचा, "ताई, उपवास का?" नंतर तपासणी झाली, तेव्हा ॲलर्जी कशाचीच निघाली नाही. काही मुलांना खरंच असते, त्यांनी डॉक्टरांना विचारून जरूर पाळावं. पण तपासल्याशिवाय लेकराचं अर्धं ताट काढून घ्यायचं, हा आपल्याकडचा जुना रोग आहे आणि त्याला अजून मलम निघालेलं नाही.

साखरेचा डबा मात्र सगळ्यांसाठीच वरच्या फळीवर गेला आहे. संध्याकाळी मी, सूनबाई आणि नात अर्धा तास चालतो, ऊन उतरल्यावर. घाम पुसायला सुती पंचा, आल्यावर कोमट पाण्याची अंघोळ आणि ओल्या अंगावर लगेच साधं व्हॅसलीन. तेवढा चुना तरी बाहेरून लावता येतो. चिरंजीव येत नाहीत, त्यांचे गुडघे दुखतात म्हणे. २४० वाले!

डॉक्टरांनी गोळी चालू ठेवायला सांगितली आहे. कोलेस्टेरॉलसाठी आत्ता वेगळं औषध नको म्हणाले. आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. एलडीएल आणखी चढलं तर गोळीचा डोस कमी करायचा की औषध बदलायचं, हे तेव्हा बघू. तो निर्णय नात आणि डॉक्टर मिळून घेतील. ती स्वतः कंपनीत अकाउंट्सला आहे, आकडे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतात. तिने दोन रिपोर्टांचा तक्ता करून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे, त्यात तिने स्वतःचा एक रकाना वाढवला आहे. रात्री किती वेळा जाग आली. गोळीच्या आधी सहा, सात, पाच. आता शून्य, एक, शून्य, शून्य.

तो रकाना ग्रुपवर कोणी टाकला नव्हता, म्हणून इथे लिहिला.

जाऊबाई, तुम्ही पाठवलेला रक्तशुद्धीचा काढा पोचला. बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, म्हणून तो तसाच ठेवला आहे. जवस मात्र संपत आले आहेत, येताना दोन किलो आणा.